दोघांत एक कुलूप

न्यू एम्डेन, आयोवा
९ ऑक्टोबर २०२३

प्रिय ताल्का,

तुझा पत्ता हिल्काकडून मिळवला. सुखासुखी दिला नाही तिने. आधी दोन कप चहा पाजला, मग माझी कानउघाडणी केली, आणि मग चर्चच्या जुन्या पत्रकाच्या पाठीमागे लिहून दिला. फोन नंबर मात्र दिला नाही. "नंबर मागू नकोस मेनो, पोरीने शपथ घातलीय मला," म्हणाली. तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. माझी बहीण असली तरी आत्या ती तुझीच आहे, आणि बाजूही तुझीच घेते.

सहा वर्षांत तू लिहिलं नाहीस, मीही नाही. मला वाटायचं, या गावाचाच तुला तिटकारा आला असेल, आणि तसं वाटलं तर चूक काय! पण परवा हिल्का म्हणाली, "ती अजून स्वतःलाच दोष देते रे. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं, त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, म्हणून रोरी गेला, असं धरून बसलीय." माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला. सुदैवाने हिल्काचा आवाज मोठा आहे, नाहीतर हे वाक्य माझ्यापर्यंत पोचलंही नसतं.

ताल्का, हे खरं नाही. तुझ्या भांडणामुळे तुझा नवरा गेला नाही. हे सांगायलाच हे पत्र लिहितोय.

भांडण कशावरून झालं ते मला माहीत आहे. त्यानेच सांगितलं होतं, सकाळी सहाला, हातमोजे चढवता चढवता. त्याला बिलिंग्जला भावाच्या वर्कशॉपमध्ये जायचं होतं आणि तू म्हणालीस, बाबांना एकटं टाकून मी येणार नाही, तुला जायचं तर जा. हे सांगून तो हसला होता. म्हणाला, "सासरेबुवा, तुमची मुलगी माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त मानते. आता तुम्हालाच पोत्यात घालून न्यावं लागणार." मग कामाला लागला. नेहमीसारखाच होता तो. चित्त अगदी थाऱ्यावर होतं.

आता तू म्हणशील, मग अपघाताच्या चौकशीत तुम्हीच तसं का सांगितलंत? अहवालात माझ्या नावाने वाक्य आहे: "त्या दिवशी त्याचं कामात लक्ष नव्हतं." ते वाक्य मी मागे घेतो. ते मी का बोललो, हे लिहायला बसलोय खरा, पण आज हात चालत नाही.

इकडे कारखाना मोडायला काढलाय. उंच टाकी गेल्या आठवड्यात आडवी केली. कडब्याच्या गठ्ठ्यांचं मैदान रिकामं पडलंय. तिकडे हल्ली फक्त बदकं उतरतात.

चहा मी अजून आपल्या पद्धतीनेच करतो. कपात खडीसाखरेचा खडा, वरून कडक चहा. तो खडा तडतडायचा तेव्हा लहानपणी तू कपाला कान लावून बसायचीस. हल्ली तसा तडतडत नाही. साखरच पूर्वीसारखी येत नसावी.

तुझा बाप,
मेनो

न्यू एम्डेन
२४ ऑक्टोबर

प्रिय ताल्का,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, पण रोज पोस्टाची पेटी उघडून बघतो.

नेल आता नऊ वर्षांची. कधीतरी विचारेल, माझा बाप काय काम करायचा? "कारखान्यात होता" असं सांगून मोकळी होऊ नकोस. मी लिहून ठेवतो, तू वाचून दाखव.

मक्याचं पीक काढलं की शेतात उरतात ताटं, पानं, दाणे काढलेली कणसं. आमच्या बापजाद्यांनी हा कडबा गुरांच्या पायाखाली टाकला नाहीतर नांगरून मातीत गाडला. मग शहाणी माणसं आली आणि म्हणाली, यात साखर आहे. आहे खरी. पण उसासारखी चोखता येईल अशी नव्हे. ती ताटाच्या अंगात विणलेली असते, आणि वर लाकडासारखा राप चढलेला असतो. साखरेचं इथेनॉल करणाऱ्या यीस्टला ती दिसतही नाही. तो राप सोडवायचा, वीण उसवायची, मग एन्झाइम आत शिरतात आणि साखर सुटी करतात. त्या उसवण्याच्या खात्यात आम्ही दोघं होतो, सासरा आणि जावई.

अर्ध्या टनाचा गठ्ठा यायचा, सुतळ्या कापायच्या, चक्कीत घालायचा. बोटभर तुकडे झाले की त्यावर पातळ तेजाब शिंपडायचं आणि तो ओला चोथा हॉपरमध्ये सोडायचा. हॉपरखाली आडवा स्क्रू. तो चोथ्याला असा दाबत पुढे रेटतो की त्याचं घट्ट बूच तयार होतं, बाटलीच्या बुचासारखंच, फक्त ओंडक्याएवढं. बुचाच्या अलीकडे आपण, पलीकडे भांड्यात कोंडलेली वाफ. बूच पुढे सरकत राहतं, पलीकडून कुरतडत भांड्यात पडतं, दहा मिनिटं शिजतं, आणि दाब सोडला की फाटकन फुलून बाहेर येतं. काळपट, चिकट, गुळाच्या काकवीसारख्या वासाचं. कमी शिजलं तर साखर सुटत नाही, जास्त शिजलं तर कडू बदामाचा वास येतो आणि यीस्ट मरतं. आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारा मी, साठीत असला स्वयंपाक शिकलो!

सगळी मदार त्या बुचावर. आणि बूच असतं कडब्यावर. शेतकऱ्याने दाताळं फार खाली लावून कडबा गोळा केला की त्याबरोबर आपली काळी माती येते, खडे येतात. खड्यांनी स्क्रू झिजतो. पावसात भिजलेला, पानंच जास्त असलेला गठ्ठा आला की बूच लिबलिबीत होतं आणि वाफ मागे फिरू बघते. कंट्रोल रूममधल्या पोरांच्या पडद्यावर हे दिसेस्तोवर उशीर झालेला असायचा. मला आधी कळायचं. मी आवाजावरून ओळखतो, असं सगळे म्हणत. चांगलं बूच संथ कण्हतं, वाईट बूच चिरकतं. डे मॉईनहून आलेले इंजिनियर माझ्यामागे उभे राहून विचारायचे, "मिस्टर बीनकन, काय ऐकू येतंय?" जन्मभर शेतात कुणी मला काही विचारलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, छाती फुगायची.

माझी एक काठी होती. जुन्या कुऱ्हाडीचा दांडा. एक टोक स्क्रूच्या लोखंडी खोळीवर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं. रोरी नव्या पोरांना सांगायचा, "आमचे सासरेबुवा आधी कारखाना चावून बघतात, बेचव लागला तरच बंद करतात." सगळे हसायचे. मीही हसायचो.

आता कुलपाचं. ते टाळून उपयोग नाही.

बूच अडकलं की स्क्रू थांबवायचा, वर जिन्याने जाऊन वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दाब उतरवायचा, आणि व्हॉल्व्हला कुलूप लावायचं, म्हणजे चुकून कुणी उघडणार नाही. मगच खालची झडप उघडून पहारीने बूच उकरायचं. नियम असा की जितकी माणसं तितकी कुलपं. प्रत्येकाने आपलं कुलूप आपल्या हाताने लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. आमच्यात तसं नव्हतं. आमच्यात दोघांत एकच कुलूप होतं, माझं. घरच्या माणसांत कसली आली दोन-दोन कुलपं? पाळीतले सगळे हे बघायचे आणि कुणाला वावगं वाटायचं नाही. आपल्याकडे शेजाऱ्याच्या भीतीने कोठारालाही कुणी कुलूप घालत नाही, तिथे जावयाचा अविश्वास कोण करणार! रोरीने तर खिळ्याने माझ्या कुलपावर कोरलं होतं, "बीनकन आणि जावई".

अहवालात लिहिलंय की मृत कामगाराने स्वतःचं कुलूप लावलं नव्हतं. ते खरं आहे. पण ती चूक दोघांची होती, एकट्या त्याची नव्हे. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी कानावर हात ठेवले.

बस, एवढंच. नेलला सांग, तिचा बाप कडब्यातून साखर काढायचा.

मेनो

न्यू एम्डेन
६ नोव्हेंबर

ताल्का,

तुझं कार्ड आज आलं. पाच ओळी. मी त्या दहादा वाचल्या असतील. चुकून काही वेगळं वाचतोय का, म्हणून इथे पुन्हा उतरवतो:

"बाबा, हे मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं. दफनानंतर अकराव्या दिवशी, हिल्काआत्याच्या घरून फोन करून. माझ्यामुळे झालं का, म्हणून विचारलं. तुम्ही हो म्हणालात. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हो म्हणालात. आता नाही म्हणून काय उपयोग?"

ताल्का, तो फोन मला आठवतो. स्वयंपाकघरातला भिंतीवरचा फोन. मी उभा होतो, अंगात कोट होता. पलीकडे तू आहेस एवढं कळलं. तू रडत होतीस तेही कळलं, कारण आवाज तुटत होता. शब्द एकही कळला नाही.

त्याच सकाळी हिल्का म्हणाली होती की तू नेलला घेऊन रोरीच्या भावाकडे थोडे दिवस जायचं म्हणतेस. मला वाटलं, तेच विचारतेयस. जाऊ का बाबा, जाऊ का. म्हणून मी हो म्हणालो. हो, पोरी, हो. मला वाटत होतं मी आशीर्वाद देतोय.

आणि शनिवारी तू गेलीस, निरोप न घेता. मी म्हटलं, दुःखात माणसाला भान राहत नाही.

मला ऐकू येत नाही, ताल्का. आता असं नव्हे. तेव्हाही येत नव्हतं. डावा कान २०१३ पासून गेलाय, उजव्याने समोर बसून मोठ्याने बोललेलं थोडं कळतं, बाकी ओठ बघून जुळवतो. जन्मभर केबिन नसलेला ट्रॅक्टर आणि धान्य वाळवायचे पंखे, दुसरं काय होणार. कारखान्यातल्या त्या आवाजाच्या राजाला आवाज येतच नव्हता. काठी दातांत धरायचो ती गंमत म्हणून नव्हे. थरथर जबड्यातून समजायची, म्हणून.

खडीसाखर तशीच येते. अजूनही तडतडत असेल.

आज यापुढे लिहवत नाही. परवा लिहितो. हे मात्र आजच पोस्टात टाकतो, कारण परवापर्यंत माझा धीर सुटेल आणि मी हेही फाडून टाकीन.

मेनो

न्यू एम्डेन
८ नोव्हेंबर

ताल्का,

आता सरळ लिहितो. चहा केलाय, दार लावून घेतलंय. हिल्काला आज येऊ नकोस म्हणून चिठ्ठी पाठवलीय.

कारखान्यात दर वर्षी कान तपासायचे. मालट्रकमध्ये एक काचेची खोली, त्यात बसायचं, कानाला डबे, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. समोर काचेत नर्सच्या हाताचं प्रतिबिंब दिसायचं. तिचा अंगठा हलला की मी बटण दाबायचो. चार वर्षं पास झालो. एकदा ती म्हणाली, "या वयात असे कान मी पाहिले नाहीत." ते मी तिच्या ओठांवर वाचलं आणि मान डोलावली.

ताल्का, ही मान माझा शत्रू आहे. ऐकू न येणाऱ्या माणसाला किती वेळा "काय?" म्हणता येतं? एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा समोरचा कंटाळतो, "जाऊ दे" म्हणतो. ते "जाऊ दे" मला फार लागायचं. म्हणून मी नंदीबैल झालो. कुणी काही बोललं की हसायचं आणि मान हलवायची. दहातल्या नऊ वेळा चालून जातं. लोक काय विचारतात? बरं आहे ना, थंडी पडली ना, पीक चांगलं आलं ना. हो, हो, हो.

कान तपासा म्हणून तू सांगितलं होतंस. टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाली होतीस. तेव्हाही मी मान डोलावली होती.

सांगायला काय हरकत होती? काठी होतीच, बूच मला अजून कळत होतं. पण कान गेला म्हटल्यावर त्यांनी मला गठ्ठ्यांच्या मैदानात सुतळ्या उचलायला धाडलं असतं, आणि इंजिनियर दुसऱ्याच्या मागे उभे राहिले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत तुझा नवरा होता.

१८ नोव्हेंबर, सकाळचे नऊ. त्या वर्षी पिकावर पाऊस पडत राहिला होता, गठ्ठे भिजके आणि मातीने भरलेले येत होते. काठी दातांत धरली तर बूच चिरकत होतं. मी हात वर केला, स्क्रू थांबवला. रोरीने पहार आणि पाना घेतला आणि झडपेपाशी गेला. मी जिना चढून व्हॉल्व्हकडे गेलो. कुलूप लावायला खिशात हात घातला तर कुलूप नाही. खाली खुंटीला टांगलेल्या कोटात राहिलं होतं. माझी सवय अशी की बंद करणं आणि कुलूप लावणं एका दमात करायचं, व्हॉल्व्ह नुसता बंद ठेवून वळायचं नाही. म्हणून मी तो बंद न करताच खाली यायला निघालो. कुलूप घेऊन परत वर जाणार होतो.

जिन्याच्या मध्यावर होतो. रोरीने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलला. चक्की चालू होती, कुणालाही ओरडावंच लागलं असतं. मला ओठ दिसले, त्याच्या दाढीमुळे नीट दिसले नाहीत. हसत होता असं वाटलं. दिवसातून वीस वेळा तो काहीतरी चेष्टा करायचा. काठीवरून, माझ्या चालण्यावरून, तुझ्यावरून. मला वाटलं, तसलंच काही.

मी हसलो आणि मान डोलावली.

तो वळला आणि झडपेचे बोल्ट सैल करू लागला. मीही वळलो, खुंटीकडे. ते मला आवाजाने कळलं नाही. तळपायातून कळलं. पायाखालची जाळी थरथरली, मी मागे पाहिलं, तर सगळं पांढरं झालं होतं.

तो काय म्हणाला, ते मला कधीच कळणार नाही. "लावलं का?" असंच असणार. झडपेजवळचा दाबाचा काटा महिनाभर लगद्याने चोंदलेला होता, कायम शून्यावर. म्हणजे विचारण्यावाचून त्याला दुसरा मार्ग नव्हता. आणि त्याने विचारलं. समजतंय का तुला? त्याने विचारलं! नियमाप्रमाणे नसेल, पण खात्री करून घेतली त्याने. ज्याच्या हाती कुलूप त्यालाच विचारलं, आणि त्या माणसाने हो म्हटलं. यात तो बेसावध कुठे होता? त्याचं लक्ष कुठे नव्हतं?

तपासनीस आला तेव्हा मी म्हणालो, त्याने न विचारता उघडली. त्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं. हे मी त्याच्या शवपेटीला खांदा देऊन आलो त्याच दुपारी बोललो. चर्चमधले कपडेसुद्धा बदललेले नव्हते.

तू जे सहा वर्षं वागवलंस ते माझं आहे. तुझं भांडण नवराबायकोचं साधं भांडण होतं, संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. तो ते हसण्यावारी नेऊन कामाला आला होता, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं ते अक्षरशः खरं आहे. त्या पत्रात तेवढंच निखळ खरं होतं.

आणि मला एकटं टाकायचं नाही म्हणून तू इथे राहिलीस.

मला क्षमा कर, असं मी लिहिणार नाही. ते मागण्याइतका निर्लज्ज अजून झालो नाही.

मेनो

न्यू एम्डेन
४ डिसेंबर

प्रिय ताल्का,

तुझं काही आलं नाही. यावेळी मी पेटी उघडायला घाबरतो, तरी उघडतो.

काय काय केलं ते कळवतो.

१७ नोव्हेंबरला हिल्का मला गाडीतून डे मॉईनला घेऊन गेली. आदल्या दिवशी तिला सगळं सांगितलं होतं. तिने टेबलावरचे कप उचलले, धुतले, पुसले, पुन्हा धुतले. गाडीत तीन तास तिचं तोंड रस्त्याकडे होतं, म्हणजे बोलली असती तरी मला कळलं नसतं. बोलली नसावी.

राज्याच्या कचेरीत एक तरुण बाई होती. फाईल शोधायलाच तिला तासभर लागला. मी जबाब लिहूनच नेला होता. तिने वाचला, मग माझ्याकडे बघून काही विचारलं. मी म्हणालो, "बाई, मला ऐकू येत नाही. कागदावर लिहा." ताल्का, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही. तिने सरळ कागद ओढला आणि लिहिलं: "हे सांगायला आत्ता का आलात?" मी त्याखाली लिहिलं: "माझ्या मुलीला वाटतं की तिने केलं."

ती म्हणते, जुना अहवाल खोडता येत नाही, पण त्याला माझा जबाब जोडला जाईल आणि मृताने विचारणा केली होती अशी नोंद होईल. माझ्यावर खोट्या साक्षीचं काय करायचं ते वरचे लोक ठरवतील. करू देत. जबाबाची नक्कल सोबत आहे. शेवटच्या पानावर रोरीचं पूर्ण नाव आहे, रोरी फिनबार डूलिन, आणि त्यापुढे "विचारून मगच उघडली". ती ओळ मी हट्टाने घालायला लावली.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी उभा राहून सगळ्यांना सांगितलं. कुणी काय म्हणालं ते कळलं नाही. मी कुणाच्या ओठांकडे पाहिलं नाही, आणि मान हलवली नाही. काही माणसं उठून गेली. एबर्ट स्लीपर शेजारी बसून राहिला, कॉफी गार होईस्तोवर. तो पाळीला आमच्याबरोबर असायचा. मग त्याने माझ्या हातातल्या चर्चच्या पत्रकावर लिहिलं, "एकच कुलूप मी रोज बघत होतो." ते लिहून तोही गेला.

सोबत एक छोटं खोकं आहे, ते नेलचं. त्यात ते कुलूप आहे. कधी लागलंच नाही त्या दिवशी, कोटातच राहिलं, आणि नंतर कुणी मागितलं नाही. त्यावर खिळ्याने कोरलेलं अक्षर तिच्या बापाच्या हातचं आहे. थोडं वाकडं आहे, कारण कोरताना तो हसत होता. किल्लीही आहे. ती कुणाकडे ठेवायची ते तू ठरव. तिला काय सांगायचं तेही तूच ठरव. फक्त तो बेफिकीर होता असं कुणी तिला सांगू देऊ नकोस. कुणी सांगितलंच तर तो जबाब दाखव.

कानांना यंत्र बसवलं. फार उपयोग नाही, कडब्यात चालल्यासारखा खसखसाट येतो, शब्द येत नाहीत. डॉक्टरीण म्हणते, उशीर केलात. हिल्काने आणखी एक वस्तू आणून बसवली: फोनला जोडलेला एक दिवा. फोन वाजला की लुकलुकतो.

काल दुपारी तो लुकलुकला. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. एकदा लुकलुकून थांबला, मग थोड्या वेळाने पुन्हा. दुसऱ्यांदा बराच वेळ. हिल्का नव्हती, ती फोन करतच नाही मला, सरळ दारात येऊन उभी राहते. या घरी दुसरं कोण फोन करणार?

मी हात पुसले, फोनपाशी गेलो, त्यावर हात ठेवला. उचलला नाही. उचलला असता तर पलीकडे तू काहीतरी विचारलं असतंस, आणि माझ्या तोंडून हो गेलं असतं. माझी खात्री आहे. इतक्या वर्षांची सवय आहे, ती एका जबाबाने जात नाही. म्हणून मी दिवा विझेपर्यंत तिथे उभा राहिलो.

तू असशील तर, ताल्का, जे विचारायचं होतं ते लिहून पाठव. काहीही असो. प्रश्न असो, शिव्या असोत, "परत लिहू नका" असं असो. मी ते नीट वाचेन. तू काय विचारलंस ते आधी तुझ्याच शब्दांत उतरवून पाठवीन, आणि त्याच्याखाली उत्तर लिहीन. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही.

तुझा बाप,
मेनो